बाटलीनं आधी काय सोसलंय?

वीस टक्के अल्कोहोल असलेली वाइन खराब होत नाही, हा समज नाशकात फार पक्का आहे. पोर्ट, शेरी आणि मदेरा या वरून स्पिरिट घातलेल्या वाइनींच्या आमच्या चाखणी-बैठका सुरू झाल्या त्याही याच समजुतीवर. फ्रिजबाहेर दहा दिवस राहिलेली फिनो शेरी कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी तपकिरी आणि बेचव झाली. अर्धी उरलेली व्हिंटेज पोर्ट पाचव्या दिवशी नुसतं गोड, उग्र पाणी. त्याच कपाटात धूळ खात पडलेली मदेरा मात्र दिवाळीतही ठणठणीत होती. स्पिरिट तिघींतही घातलेलं होतं. तेव्हापासून कुठलीही बाटली हातात आली की आम्ही एकच गोष्ट विचारतो: बाटलीत येण्याआधी हिनं हवा किती खाल्ली आणि उष्णता किती सोसली? विकत काय घ्यायचं, कुठे ठेवायचं, कोणत्या क्रमानं ओतायचं आणि उरलेलं किती दिवस पुरवायचं, हे सगळं त्या एका उत्तरावर ठरतं.

त्यासाठी या वाइन बनतात कशा हे थोडं पाहावं लागतं. द्राक्षबागायतदाराला यातलं गणित अवघड वाटणार नाही, कारण ते ब्रिक्सचंच, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाचंच आहे.

पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातली. द्राक्षं २४ ब्रिक्सची धरली तर लिटरमागे साधारण २४० ते २५० ग्रॅम साखर. रस आंबायला लागला की दर १ टक्का अल्कोहोलसाठी जवळपास १७ ग्रॅम साखर खर्च होते. दोन-तीन दिवसांत अल्कोहोल ६ टक्क्यांवर आलं की शंभरेक ग्रॅम साखर गेलेली असते आणि १४० शिल्लक असते. नेमकं त्याच वेळी ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते. किती ओतायचं याची तिरकस वजाबाकी सोपी आहे. हवं आहे २० टक्के, म्हणून ७७ वजा २० म्हणजे ५७ भाग रस आणि २० वजा ६ म्हणजे १४ भाग स्पिरिट, अर्थात चारास एक. पारंपरिक प्रमाणही तेच: ४३५ लिटर रस, ११५ लिटर स्पिरिट, मिळून ५५० लिटरचं पिंप. (पोर्तुगीज त्याला 'पीपा' म्हणतात. आपलं 'पिंप' तिथूनच आलं.) १४० ग्रॅम साखर या मिसळीत पातळ होऊन लिटरला ११० च्या आसपास येते. पोर्टचा गोडवा हा असा शिल्लक राहिलेला असतो, वरून घातलेला नाही.

इथं एक गोष्ट नाशिककरांसाठी. आपल्याकडच्या वायनरींत पायानं द्राक्षं तुडवायचा कार्यक्रम पर्यटकांच्या फोटोंसाठी असतो. दोरूमध्ये उत्तम पोर्टसाठी आजही दगडी हौदात द्राक्षं तुडवतात, आणि त्याला कारण आहे. साध्या लाल वाइनला सालीतून रंग आणि तुरट टॅनिन ओढायला आठवडा-दीड आठवडा मिळतो, पोर्टला जेमतेम दोन-तीन दिवस. तेवढ्यात साल पुरती पिळून निघाली पाहिजे आणि बी मात्र फुटता कामा नये, नाहीतर कडवटपणा उतरतो. माणसाचा तळपाय हे दोन्ही सांभाळतो.

शेरीची रीत उलटी. स्पेनच्या हेरेसमध्ये पालोमिनो द्राक्षाचा रस पूर्ण आंबू देतात, साखर जवळजवळ संपते आणि ११-१२ टक्क्यांची कोरडी पांढरी वाइन तयार होते. स्पिरिट त्यानंतर. ते ९५-९६ टक्क्यांचं असल्यानं थेट ओतत नाहीत. आधी निम्मं स्पिरिट आणि निम्मी वाइन असं मिश्रण करून निवू देतात आणि मग ते मुख्य वाइनीत घालतात, म्हणजे वाइनीला धक्का बसत नाही. साडेअकरा टक्क्यांच्या १०० लिटर वाइनला १५ टक्क्यांवर न्यायला सुमारे साडेचार लिटर स्पिरिट पुरतं, १८ टक्क्यांवर न्यायला सुमारे साडेआठ. या चार लिटरांच्या फरकावर दोन वेगळ्या वाइन जन्माला येतात. १५ टक्क्यांवर पृष्ठभागावर 'फ्लोर' नावाची यीस्टची साय धरते. पिंप पाचषष्ठांश भरून वर हवा मोकळी सोडतात ती याच सायीसाठी. साय हवेतला ऑक्सिजन स्वतः खाते आणि खालच्या वाइनपर्यंत पोचू देत नाही. ही फिनो. १७-१८ टक्क्यांवर साय जगत नाही, त्यामुळे वाइन वर्षानुवर्षं उघडी पडते, काळवंडते, अक्रोडाचा वास धरते. ही ओलोरोसो. आधी काही वर्षं सायीखाली आणि मग साय मेल्यावर हवेत वाढलेली, ती आमोन्तियादो.

पेद्रो हिमेनेस ही तिसरीच तऱ्हा. तिचे घड चटयांवर उन्हात पसरून वाळवतात आणि मग पिळतात. आपल्याकडे बेदाणा हिरवा राहावा म्हणून शेडमध्ये सावलीत वाळवतात; तिथं तो काळा पडावा, पाक व्हावा, हीच इच्छा. तयार वाइनीत लिटरला किमान २१२ ग्रॅम साखर असावी असा नियम आहे, बऱ्याचदा त्याहून पुष्कळ जास्त असते. ग्लास कलला की ती काकवीसारखी ओघळते.

आणि मदेरा. अटलांटिकमधल्या पोर्तुगीज बेटावरची ही वाइन पिंपात भरून जहाजानं उष्ण कटिबंधातून, आपल्या बाजूच्या समुद्रांतूनही, जायची. परत आलेलं पिंप न गेलेल्या पिंपापेक्षा चांगलं लागतं हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं, मग मुद्दाम फेरी मारून आणलेल्या वाइनला वेगळा भाव मिळू लागला. आता जहाज लागत नाही. साधी मदेरा टाकीत ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवतात. उत्तम मदेरा पिंपांत भरून गोदामाच्या उन्हानं तापणाऱ्या माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवतात. म्हणजे उष्णता आणि हवा हे वाइनचे दोन्ही शत्रू हिनं बाटलीत शिरण्याआधीच पचवलेले असतात. नाशिकचा मे महिना तिचं काय बिघडवणार!

आता सोशिकपणाची उतरंड आपोआप लागते. सगळ्यात वर मदेरा. तिच्याखाली ओलोरोसो, पेद्रो हिमेनेस आणि टॉनी पोर्ट, कारण या पिंपात हवा खात वाढलेल्या असतात. मग साधी रुबी (तरुण लाल पोर्ट) आणि लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे एलबीव्ही (एकाच वर्षाची, पण उशिरा बाटलीत भरलेली पोर्ट). तळाला व्हिंटेज पोर्ट आणि फिनो. व्हिंटेज पोर्ट काढणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच बाटलीत जाते आणि पुढची वीस-तीस वर्षं हवेवाचून काढते. उघडली की एकदम हवेत. फिनोचंही तेच, साय मागे हेरेसमध्ये राहिलेली असते, बाटलीत तिला राखणारं कुणी नसतं.

खरेदीचं बोलायचं तर नाशकातल्या दुकानांत निवड मर्यादित. काही मुंबईहून येतं, बाकी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगेतून. प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ते असं बसवायचं: ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि ५०० मिलीची एक, बरोबर २ लिटर. पेद्रो हिमेनेस आणि कितीतरी मदेरा ५०० मिलीत मिळतात. फिनो घ्यायची तर ३७५ मिलीची अर्धी बाटली, म्हणजे एका बैठकीत जवळजवळ संपते. ड्युटी-फ्री दुकानातली सीलबंद पिशवी सोडली तर बाटल्या केबिनमध्ये चालत नाहीत. प्रत्येक बाटली आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग सतरंजीसारख्या जाड कापडात गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध. कडेला ठेवलेली बाटली फुटते. आणि महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो बैठकीतल्या प्रत्येकाकडे असलेला बरा.

लेबल वाचताना आधी टक्केवारी. खरी पोर्ट बहुधा १९ ते २२ टक्क्यांची असते (फक्त पांढरीचा एक हलका प्रकार याखाली जातो), आणि मानेवर पोर्तुगालच्या सरकारी संस्थेची नंबर घातलेली कागदी पट्टी असते. टॉनीवर १०, २०, ३०, ४० असे आकडे असतात. ते पिंपातल्या सरमिसळ वाइनींचं वय आणि ढंग सांगतात, एका वर्षाची काढणी नव्हे. एकाच वर्षाची टॉनी हवी तर 'कोल्हेता' शोधायची, ती किमान सात वर्षं पिंपात असते. एलबीव्ही घेताना बूच पाहायचं. प्लॅस्टिकची टोपी असलेलं, हातानं निघणारं बूच म्हणजे बहुधा गाळलेली वाइन. उघडा आणि ओता. स्क्रूनं काढायचं लांब बूच असेल तर बहुधा न गाळलेली, तिच्यात साका, म्हणजे तळाला बसणारा गाळ असतो. दुकानात शोकेसच्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली घेऊ नये. बूच किंचित वर आलेलं दिसलं किंवा मानेवर चिकट ओघळ असला तर ती बाटली कधीतरी तापून फुगली आहे. कितीही स्वस्त दिली तरी नको. फिनोच्या मागच्या बाजूला बाटलीत भरल्याची तारीख किंवा लॉट नंबर बघायचा. भरून दीड वर्ष उलटलं असेल तर पैसे वाया. याबाबत आमचं मत कडक आहे: वर्षभर दुकानात पडलेल्या फिनोपेक्षा साधी ओलोरोसो केव्हाही बरी.

साठवण हा नाशकात खरा प्रश्न. डिसेंबर-जानेवारीत काळजी नाही, निफाडकडे तर पारा एक आकडी होतो. होळीनंतर मात्र घरातली पश्चिमेची खोली दुपारी ३५ च्या पुढे जाते आणि पहाटे २५ वर येते. हा रोजचा चढउतार सरळ उष्णतेपेक्षाही वाईट. वाइन तापली की फुगते आणि बुचाला ढकलते, निवली की आकसते आणि बुचाच्या कडेनं हवा आत ओढते. रोज थोडी थोडी. म्हणून जागा निवडण्याआधी तिथं किमान-कमाल तापमान दाखवणारा थर्मामीटर आठवडाभर ठेवून पाहायचा. फरक ४-५ अंशांच्या आत असेल तर जागा चालते, मग सरासरी २६-२७ असली तरी टॉनी आणि ओलोरोसो एक उन्हाळा काढतात. जुन्या नाशकात कुणाच्या वाड्याला तळघर असेल तर त्याच्याशी मैत्री ठेवावी. फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावरची, उत्तरेच्या भिंतीला टेकलेली, स्वयंपाकघरापासून लांबची जागा पाहायची आणि बाटल्या थर्माकोलच्या झाकणवाल्या खोक्यात ठेवायच्या. खोकं थंड करत नाही, पण दिवस-रात्रीचा हेलकावा मंदावतो. व्हिंटेज पोर्ट आणि फिनो मार्च ते जून सरळ फ्रिजमध्ये, मागच्या कप्प्यात. दारात नको, तिथं दर उघडझापीला हिसका बसतो.

उभी की आडवी? लांब बूच असलेली व्हिंटेज आणि न गाळलेली एलबीव्ही आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. टोपीच्या बुचाच्या सगळ्या बाटल्या आणि मदेरा उभ्याच. इतकं स्पिरिट बुचाला कायम लागून राहिलं तर ते बुचाला कुरतडतं.

बैठकीला आम्ही आठ ते दहा जण आणि सहा वाइन ठेवतो. प्रत्येकी ३० मिली, त्याहून जास्त नाही. ६ गुणिले ३० म्हणजे १८० मिली, सरासरी १८ टक्के धरली तर माणशी ३२ मिली, म्हणजे पंचवीसेक ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ऐकायला थोडं वाटतं, पण पोट रिकामं असेल तर चढतं. म्हणून टेबलावर पिकदाणी असते आणि घरी जाणं रिक्षानं. थुंकायला लाजणारे पहिल्या खेपेला चौथ्या ग्लासानंतर काहीही 'सुंदर' म्हणतात.

तयारी दोन आठवडे आधी सुरू होते, तीही फक्त साक्याच्या बाटलीसाठी. मुंबईहून कसारा घाट चढून आलेल्या व्हिंटेजमधला साका पार घुसळलेला असतो. तिला पंधरा दिवस आडवी निवळू द्यायची. जुन्या बाटल्यांवर एका बाजूला चुन्याचा पांढरा फटका असतो. आडवी ठेवताना ती बाजू वर, म्हणजे साका विरुद्ध बाजूला बसलेला आहे हे कळतं. बैठकीच्या आधी पूर्ण एक दिवस, शक्य तर दोन, तिला हळूच उभी करायची. साका तळाशी उतरतो.

बूच काढताना साधा स्क्रू जुन्या बाटलीत घात करतो. पोर्टच्या बाटलीची मान मधे किंचित फुगीर, बूच त्या फुगवट्यात बसून घट्ट झालेलं आणि वीस वर्षांत भुसभुशीत. स्क्रू मधून आरपार येतो आणि हातात चुरा. दोन पातळ पात्यांचा बूचकाढा बुचाच्या दोन्ही कडांनी डोलवत डोलवत खाली घालायचा आणि फिरवत वर ओढायचा. तरीही तुटलंच तर उरलेला तुकडा आत ढकलून मलमलीतून गाळायचं, वाइनचं काही बिघडत नाही. पोर्तुगालमध्ये चिमटा लालबुंद तापवून मिनिटभर मानेला धरतात, मग ओलं थंड फडकं लावतात आणि मान स्वच्छ तडकून बुचासकट हातात येते. दिसायला थाटाचं आहे, पण गॅसवर तापवलेल्या साध्या चिमट्यानं करू नये. पकड गोल आणि मापाची नसेल तर काच तिरकी फुटते.

ओतताना मानेखाली टॉर्च ठेवायचा. एका दमात, बाटली पुन्हा सरळ न करता, बारीक धारेनं डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात. मधे थांबलात तर लाट मागे जाते आणि साका उठतो. मानेत धुरासारखी रेघ दिसली की थांबायचं. तळाशी ५० ते ७५ मिली राहतं, त्याचा मोह नको. तरुण व्हिंटेज दोन-तीन तास आधी ओतून ठेवली तर मोकळी होते. तीस वर्षांपलीकडची असेल तर अर्धा तास पुरे, नाहीतर वास उडून जातो. टॉनीला यातलं काही लागत नाही. तिचा साका पिंपातच राहिला.

तापमानाबाबत एक गैरसमज आयात झालेला आहे. पोर्ट 'खोलीच्या तापमानाला' द्यावी असं सांगतात, पण ती खोली इंग्लंडमधल्या हिवाळ्यातली, १६-१८ अंशांची. एप्रिलमध्ये नाशकातली खोली ३४. त्या तापमानाला पोर्ट प्यायली तर आधी नाकात स्पिरिट जातं, बाकी काही नाही. आमची मापं अशी: फिनो ७ ते ९, आमोन्तियादो आणि ओलोरोसो १२ ते १४, टॉनी १४, मदेरा १३ ते १५, व्हिंटेज १६ ते १७. घमेल्यात निम्मं पाणी, निम्मा बर्फ आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवली की पंधराएक मिनिटांत ३२ वरून १६ च्या आसपास येते. नुसता बर्फ घातला तर बाटलीला जागोजाग हवाच लागते, वेळ दुप्पट. स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर ग्लासात बुडवून खात्री करायची. अंदाज नेहमी चुकतो. ग्लास निमुळत्या तोंडाचे. लहान लिकरच्या पेल्यात वास साठायला जागाच नसते. बोअरच्या जड पाण्यानं धुतले तर शेवटचं पाणी फिल्टरचं घ्यावं, नाहीतर काचेवर पांढरे ठिपके राहतात. आणि बैठकीच्या तासभर आधीपासून घरात फोडणी नको, उदबत्तीही नको. हिंगाच्या वासापुढे फिनो हरते.

क्रम: फिनो, आमोन्तियादो, कोरडी मदेरा म्हणजे सर्शियाल, दहा किंवा वीस वर्षांची टॉनी, मग डिकँटरमधली व्हिंटेज आणि शेवटी पेद्रो हिमेनेस. कोरडीकडून गोडीकडे. एकदा का पेद्रो हिमेनेस जिभेवर आली की तिच्यानंतर फिनो म्हणजे लिंबाचं साल.

खाण्यात नाशिककर पहिली चूक करतात ती चिवड्याची. तिखट आणि अल्कोहोल दोन्ही जिभेवरचा जळजळ ओळखणारा एकच दरवाजा ठोठावतात, त्यामुळे २० टक्क्यांच्या पोर्टबरोबर तिखट चिवडा किंवा मिसळ घेतली की आग दुप्पट वाटते. तिखट ठेवायचंच तर फक्त थंडगार फिनोबरोबर, आणि तेही बेतानं. फिनोला खारे भाजलेले शेंगदाणे, कांदाभजी, रव्यात घोळून तळलेली सुरमई उत्तम. आमोन्तियादोला मशरूम. टॉनीला अक्रोड, तिळाची चिक्की, आणि संक्रांतीच्या सुमारास गुळपोळी. गूळ आणि टॉनीची चव एकाच घरातली वाटते. दुसरी चूक जिलबीची. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइन आंबट आणि पातळ लागते, त्यामुळे जिलबीपुढे रुबीचा निभाव लागत नाही. पुरणपोळीसमोर टिकते ती गोड मदेरा, बोआल किंवा मामझी. पेद्रो हिमेनेस खाण्याबरोबर पिण्यापेक्षा खाण्यावर ओतावी: मलई कुल्फीच्या तुकड्यावर दोन चमचे.

नवा माणूस बैठकीला आला की हमखास विचारतो, मग साध्या लाल वाइनमध्ये ब्रँडी घातली तर पोर्ट होईल ना? वाद घालण्यापेक्षा करून दाखवतो. १३ टक्क्यांची कोरडी शिराझ १०० मिली, आपली ४२.८ टक्क्यांची ब्रँडी २८ मिली, १२ ग्रॅम साखर. आकडे पोर्टच्या जवळपास येतात: सुमारे साडेअठरा टक्के अल्कोहोल, लिटरला ९० ग्रॅमच्या आसपास साखर. चव मात्र तीन थरांची, एकमेकांशी न बोलणारी. वर ब्रँडीचा कॅरॅमल, मधे साखर, खाली कोरड्या वाइनचा तुरटपणा. खऱ्या पोर्टमध्ये स्पिरिटला स्वतःचा रंग किंवा ठळक चव नसते, गोडवा त्याच द्राक्षाचा असतो आणि सगळं काही महिने-वर्षं एकत्र राहिलेलं असतं. आपल्याकडच्या बऱ्याच ब्रँडींचा पाया उसाच्या मळीचं स्पिरिट असतो, तो फरकही उघडा पडतो. यापुढे जाऊन घरी स्पिरिट काढायचा विचार कुणी करू नये. तो गुन्हा आहे आणि धोक्याचाही.

दुसरा प्रयोग पाच दिवसांचा, आणि तो प्रत्येकानं एकदा करावा असा. १०० मिलीच्या तीन स्वच्छ काचेच्या बाटल्या. एकीत ५० मिली फिनो, दुसरीत एलबीव्ही, तिसरीत मदेरा. झाकणं लावून तिन्ही ओट्यापासून लांब, फ्रिजबाहेर. पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी झाकण काढून आधी नुसता वास, मग चमचाभर चव. मे महिन्यात फिनो तिसऱ्या दिवशी गेलेली असते, पाचव्या दिवशी एलबीव्हीतलं ताजं फळ मावळून मनुकांच्या शिळ्या पाकावर येतं, मदेरात फरक सांगता येत नाही. जानेवारीत हेच सगळं सावकाश होतं.

उरलेल्याची व्यवस्था बैठक संपायच्या आत करायची, सकाळवर टाकायची नाही. ३७५ आणि २०० मिलीच्या रिकाम्या बाटल्या उकळत्या पाण्यानं धुऊन तयार असतात. उरलेली वाइन मावेल तेवढ्या लहान बाटलीत अगदी काठोकाठ भरायची, वर हवेला जागा नको, आणि सगळं फ्रिजमध्ये. झाकणावर तारीख. व्हिंटेज दोन दिवस, ताणून तीन. फिनो चार-पाच दिवस. एलबीव्ही आठवडाभर, रुबी दोन आठवडे. आमोन्तियादो दोन-तीन आठवडे, ओलोरोसो महिनाभर. टॉनी आणि पेद्रो हिमेनेस दोन महिने. मदेरा काठोकाठ भरायची गरज नाही, तिची बाटली आहे तशी बूच लावून कपाटात उभी. सहा महिन्यांनी उघडली तरी चालते.

मुदत टळलेली रुबी किंवा एलबीव्ही मोरीत ओतू नये. १०० मिलीत १०० ग्रॅम काळे बेदाणे घालून, बरणी बंद करून तीन दिवस फ्रिजमध्ये. रोज एकदा हलवायची. बेदाणे फुगून रस पितात, राहिलेला चमचाभर पाक कुल्फीवर. व्हिंटेजच्या तळाचा साका मात्र यात घालायचा नाही, दाताखाली वाळूसारखा कचकचतो.